मुलांच्या नावावर टॅक्स वाचवताना

पालकहो, आज थोडं पैशांविषयी बोलू या. मुलांचा अभ्यास, मोबाइल, संगत यांवर आपण पालकसभेत तासभर बोलतो, पण मुलांच्या नावाने घरात जे व्यवहार होतात त्यांचा विषय कुणी काढत नाही. मीरा-भाईंदरमधल्या नोकरदारांचे, दुकानदारांचे आणि गाळेवाल्यांचे रिटर्न भरून देणं हे माझं काम. जानेवारीपासून माझ्या टेबलावर जे कागद जमतात, त्यांत मुलांची नावं फार दिसतात. मुलाच्या नावाची पॉलिसी, मुलीच्या नावाची एफडी, दोघांच्या शाळेच्या फीच्या पावत्या. त्यामागचा विचार बहुतेक घरांत सारखाच असतो: टॅक्सही वाचेल आणि पोरांसाठी चार पैसेही साठतील. मला मात्र वाटतं, या दोन गोष्टींची गाठ मारली की दोन्ही बिघडतात. मुलांसाठी काय साठवायचं हा एक हिशेब आणि टॅक्स किती लागतो हा दुसरा. दोन्ही वेगवेगळे मांडा.

टॅक्सपासून सुरुवात करू, कारण तिथेच मोठा गैरसमज आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळून टॅक्स शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी, म्हणजे त्याची मर्यादा १२ लाख ७५ हजार. आता मीरा रोडला राहणारा आणि अंधेरीला नोकरी करणारा एक बाबा डोळ्यांपुढे आणा. वर्षाचा पगार साडेबारा लाख, फ्लॅटचं कर्ज चालू, मुलगी तिसरीत. नव्या रिजीममध्ये त्याचा टॅक्स शून्य. तोच जुन्या रिजीममध्ये गेला आणि त्याने सगळं केलं, म्हणजे ८० सीचे दीड लाख, मेडिक्लेमचे २५ हजार, कर्जाच्या व्याजाचे पूर्ण २ लाख, प्रमाणित वजावटीचे ५० हजार, तर करपात्र उत्पन्न उरतं सव्वाआठ लाख. व्यवसाय कराचे अडीच हजार बाजूला ठेवू. त्यावर सेससह टॅक्स येतो ८०,६००. एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला ऐंशी हजार. तरीही हाच बाबा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एजंटसमोर बसून 'चिल्ड्रन प्लॅन'वर सही करतो, कारण ऑफिसात सगळे म्हणतात की काहीतरी दाखवावं लागतं. दाखवायचं कुणाला? त्याला टॅक्सच नाही. त्या सहीने पंधरा-वीस वर्षांचा हप्ता मात्र गळ्यात पडतो आणि तीन वर्षांनी तो झेपेनासा झाला की भरलेल्यातले बरेचसे पैसे सोडून द्यावे लागतात.

मुलीसाठी खरी गरज कशाची आहे ते आधी बघा. घरातला कमावता माणूस उद्या नसला तर तिचं शिक्षण चालू राहील एवढ्या रकमेचा साधा टर्म इन्शुरन्स आईबाबांच्या आयुष्यावर हवा. तिच्या आयुष्यावर पॉलिसी काढून तिला काय मिळणार? त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेव्हा टर्म आणि मेडिक्लेम दोन्ही आधीपेक्षा हलके पडतात. हे दोन घ्या, टॅक्स वाचो न वाचो.

सुकन्या समृद्धीबद्दल मात्र माझं मत चांगलं आहे. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी खातं उघडायचं, वर्षाला २५० रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरायचे, भरणा पंधरा वर्षं. जानेवारी २०२४ मध्ये व्याजदर ८.२ टक्के झाला. नव्या रिजीममध्ये भरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही, पण व्याज करमुक्तच राहतं, आणि हे फार पालकांना माहीत नसतं. म्हणून नव्या रिजीममध्ये गेलो आता सुकन्या बंद करतो, असं करू नका. एक गोष्ट मात्र उघडतानाच समजून घ्या. खातं पिकतं ते उघडल्यापासून २१ वर्षांनी, मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाला नव्हे. मुलगी नऊ वर्षांची असताना खातं उघडलं तर ती तिशीत असेल. तिचं लग्न अठरानंतर झालं तर आधी बंद करता येतं, आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. इंजिनीअरिंगची सगळी फी यातूनच निघेल असं धरून बसलेले आईबाप अॅडमिशनच्या वेळी अडचणीत येतात. ही वेळ दहा वर्षं आधी कळत असते.

मग जुनी रिजीम कुणासाठी? ज्यांचा पगार मोठा आहे, भाड्याने राहतात किंवा कर्ज फेडतात, आणि आईवडिलांचा मेडिक्लेम भरतात, त्यांनी दोन्हीकडचा हिशेब करून बघावा. एक ठोकताळा सांगते. पगार २४ लाख असेल तर प्रमाणित वजावट सोडून बाकीच्या वजावटी ७ लाख ८७ हजार ५०० च्या वर गेल्या तरच जुनी रिजीम फायद्याची. एवढ्या वजावटी खऱ्याखुऱ्या असणारी कुटुंबं थोडी. पगारदाराला दरवर्षी निवड बदलता येते. धंदेवाल्याला मात्र नव्यातून एकदा बाहेर पडून परत आत आलं की पुन्हा बाहेर जाण्याची मुभा नसते, म्हणून त्याने घाईने फॉर्म भरू नये. आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा जुना कायदा जाऊन आयकर अधिनियम, २०२५ आला आहे. कलमांचे आकडे बदलले, पण बाजारात अजून '८० सी' हेच नाव चालतं, म्हणून मीही तेच वापरते.

जुन्या रिजीममध्ये असाल तर शाळेच्या फीचं नीट समजून घ्या. दोन मुलांची, भारतातल्या पूर्णवेळ शिक्षणाची ट्यूशन फी ८० सीमध्ये बसते. बसची फी, डेव्हलपमेंट फी, डोनेशन, खासगी क्लासची फी बसत नाही. शाळेच्या पावतीवर ट्यूशन फीचा आकडा वेगळा छापलेला असतो, तोच धरायचा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाला वेगळी वजावट आहे, तिला रकमेची मर्यादा नाही, फेड सुरू झाल्यापासून आठ वर्षं ती मिळते. पण कर्ज बँकेचं किंवा मान्य वित्तसंस्थेचं हवं. मामाने दिलेल्या पैशांवरचं व्याज त्यात धरता येत नाही.

घरभाड्याचा प्रश्न आपल्या गावाचा खास आहे. एचआरए म्हणजे घरभाडे भत्त्याच्या नियमात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई इथल्या भाड्याच्या घराला मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा होती आणि बाकी ठिकाणी ४० टक्के. आपण लोकलने मुंबईला जातो, पत्ता सांगताना 'मुंबई' लावतो, पण दहिसर चेकनाका ओलांडला की ठाणे जिल्हा. नियम बघतो तो घर कुठे आहे ते, ऑफिस कुठे आहे ते नव्हे. तेव्हा मीरा रोड किंवा भाईंदरच्या भाड्याच्या घरासाठी ४० टक्केच. शिवाय वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. घर वडिलांच्या नावावर असेल आणि तुम्ही त्यांना खरंच भाडं देत असाल, तर तेही चालतं. अट एवढीच की पैसे बँकेतून जावेत, करार असावा आणि वडिलांनी ते भाडं आपल्या रिटर्नमध्ये दाखवावं. त्यांना भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, बहुतेक वेळा त्यांना टॅक्स लागतही नाही. कागदावर भाडं आणि प्रत्यक्षात काहीच नाही, हे मात्र करू नका.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी एकाच वेळी कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. खोटं घरभाडं, राजकीय पक्षांना न दिलेल्या देणग्या, न घेतलेली शैक्षणिक कर्जं, न भरलेला मेडिक्लेम दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांची ती साखळी होती. रिफंडमधून टक्केवारी घ्यायची आणि कामं मिळवायची. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपले रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे दावे मागे घेतले होते. 'आमच्याकडे ऐंशी हजार रिफंड काढून देतो' असं कुणी स्टेशनबाहेर पत्रक वाटत असेल तर लक्षात ठेवा: रिटर्नवर सही तुमची असते, त्या माणसाची नसते. चुकीचं उत्पन्न दाखवल्याचा दंड टॅक्सच्या दुपटीपर्यंत जातो. आधीच तसं काही झालं असेल तर अपडेटेड रिटर्न भरण्याची मुदत आता चार वर्षांपर्यंत आहे. जेवढा उशीर तेवढा जादा कर, पहिल्या वर्षी २५ टक्के, चौथ्या वर्षी ७० टक्के. नोटीस येण्याआधी गेलात तर निदान शांत झोप लागते.

आता मुलांच्या नावावरच्या एफडीकडे येऊ. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या ठेवीचं व्याज आईबाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. जुन्या रिजीममध्ये दर मुलामागे फक्त दीड हजारांची सूट आहे, नव्यात तीही नाही. म्हणजे स्वतःच्या पाच लाखांच्या एफडीऐवजी मुलाच्या नावाने ठेवली म्हणून टॅक्स वाचत नाही. मुलाच्या पॅनवर एफडी आणि व्याज मात्र कुणाच्याच रिटर्नमध्ये नाही, असे कागद मी सतत बघते. बँकेकडून ती माहिती विभागाला गेलेलीच असते.

याला दोन अपवाद आहेत आणि दोन्ही प्रकारची घरं आपल्या भागात आहेत. पहिला अपवाद अपंग मुलाचा. कायद्यात सांगितलेल्या मर्यादेइतकं अपंगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्न आईबाबांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, ते त्याचं स्वतःचं राहतं. अशा मुलासाठी त्याच्या नावाने ठेवी ठेवणं खरंच शहाणपणाचं आहे, आणि आपल्यानंतर काय हा प्रश्न छातीवर घेऊन जगणाऱ्या आईबापांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. जुन्या रिजीममध्ये त्याच्या सांभाळासाठी ७५ हजारांची आणि अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे, तिला बिलं लागत नाहीत, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.

दुसरा अपवाद मुलाच्या स्वतःच्या कलेतून किंवा कौशल्यातून आलेल्या पैशाचा. मीरा रोड, काशिमीरा, घोडबंदरच्या पट्ट्यात मालिकांची शूटिंग चालतात आणि त्यांत काम करणारी लहान मुलं आपल्याच सोसायट्यांत राहतात. त्या मुलाचं मानधन हे त्याचं उत्पन्न. त्याच्या नावाचा पॅन, त्याच्या नावाचा रिटर्न, त्यावर तुम्ही पालक म्हणून सही करायची. १२ लाखांपर्यंतची सवलत त्यालाही मिळते. निर्मात्याने टीडीएस कापलेला असतो, तो रिटर्न भरल्यावर परत येतो. पण त्या मानधनाची एफडी केली की तिचं व्याज पुन्हा पालकाच्या उत्पन्नात. बालकलाकारांच्या नियमांनुसार मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावे लागतात, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नको आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नको, असंही तेच नियम सांगतात. मुलाची कमाई बाबांच्या खात्यात, ईएमआय बाबांचा आणि रिटर्न कुणाचाच नाही, असं घर दिसलं की मला त्या मुलाची काळजी वाटते. आठ वर्षांच्या पोराने कमावलेले पैसे अठराव्या वर्षी त्याच्या हाती लागले पाहिजेत.

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. पत्रा कापायचा, दाबायचा, बफिंग करून चकाकी आणायची, पेट्या भरायच्या. त्या गाळ्यांच्या मालकांशी मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना एकच सल्ला मिळत आला: उत्पन्न कमी दाखवा. पूर्वी त्यातून थोडा टॅक्स वाचायचा तरी. आता बघा. गाळ्याची वर्षाची उलाढाल ६० लाख, त्यातले ५० लाख बँकेतून, १० लाख रोखीने. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे पूर्वीच्या ४४ एडीमध्ये, बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा दाखवायचा. तो होतो ३ लाख ८० हजार. खरा नफा समजा ९ लाख आहे. ३ लाख ८० हजारांवर टॅक्स शून्य. ९ लाखांवर? नव्या रिजीममध्ये तोही शून्य! लपवून हाती काहीच लागलं नाही. आणि मुलाला बारावीनंतर बाहेरगावी अॅडमिशन मिळाली की बँक शैक्षणिक कर्जासाठी बाबांचे मागच्या काही वर्षांचे रिटर्न मागते. तिथे ३ लाख ८० हजार लिहिलेले असतात. घराचं कर्ज, गाळ्यासाठी नवी मशीन, सगळीकडे तोच कागद. कर्जाच्या वेळी साहेबांना 'खरं तर आमचं उत्पन्न जास्त आहे' असं सांगून काही होत नाही. टॅक्सच्या भीतीने आकडा लहान ठेवण्याची सवय या एका सवलतीने निरर्थक केली आहे, आणि ही बातमी गाळ्यागाळ्यांत पोचावी असं मला फार वाटतं.

यावर एक पालक लगेच म्हणतात, मग फीमाफीचं काय? प्रश्न खरा आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास व इतर मागास वर्गातल्या मुलींना पूर्ण फी माफ आहे, तिथेही मर्यादा ८ लाखच. साडेआठ लाख कमावणाऱ्याची पन्नास हजारांसाठी सवलत जाते, हे टोचणारच. तरी त्या अर्जावर सही विद्यार्थ्याची असते. सतरा वर्षांच्या मुलीला आपण खोट्या आकड्याखाली सही करायला लावतो आहोत, एवढं मनाशी नीट बोलून मग ठरवा. बाबांचं उत्पन्न खरंच आठच्या आत असेल तर उत्पन्नाचा दाखला आणि रिटर्न दोन्ही एकमेकांशी जुळते ठेवा आणि हक्काने सवलत घ्या.

भांड्यांच्या गाळ्यांचं अजून एक येणं असतं आणि ते बरेच जण मागत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ ला स्टीलच्या भांड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पत्र्यावर मात्र १८ टक्केच. म्हणजे खरेदीवर भरलेला कर जास्त, विक्रीवर गोळा केलेला कमी, आणि फरक पोर्टलवरच्या खात्यात साचत जातो. दर उलटे असल्यामुळे साचलेल्या या रकमेचा परतावा मागता येतो, त्याला सूत्र आहे आणि दोन वर्षांची मुदत आहे. हा टॅक्स तुम्ही भरून झालेला असतो, तो परत आणणं हीच बचत. तसंच पुढे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे उधारी अडकली असेल तर उद्यम नोंदणी करून ठेवा, ती फुकट आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. मार्चमध्ये व्यापाऱ्याला याची सौम्यपणे आठवण करून द्या. जूनमध्ये शाळा उघडताना फीसाठी भिशी उचलावी लागणार नाही.

मीरा रोडला घर दाखवणारे इस्टेट एजंट आणि विमा एजंट पुष्कळ आहेत. कमिशनच्या उत्पन्नाला ही अंदाजित योजना चालत नाही, त्यांनी खर्चाच्या नोंदी ठेवायलाच हव्यात. उत्तनचे होडीमालक मासेमारीला शेतीसारखं करमुक्त समजतात, तसं नाही, तो धंदाच आहे. धंद्याचा खर्च एका माणसाला एका दिवशी १० हजारांच्या वर रोखीने केला तर तो धरला जात नाही, कोळ्यांकडून मासे घेताना दिलेली रोख त्याला अपवाद आहे. आणि हातउसने २० हजार किंवा जास्त रोखीने घेऊ नका, मेव्हण्याकडूनही नाही. दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो.

'बायकोचा पगार दाखवू का?' हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. अंदाजित योजनेत ६ किंवा ८ टक्के हा सगळा खर्च जाऊन उरलेला नफा असतो, त्यातून वेगळा पगार वजा होत नाही. वह्या ठेवत असाल तरी पत्नीकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल तर तिचा पगार पुन्हा तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो. सज्ञान मुलगा किंवा मुलगी खरंच गाळ्यावर येत असेल तर त्यांचा वाजवी पगार बँकेतून द्या, तो धरला जातो.

माझं लक्ष मात्र दुसरीकडे जातं. आपल्या इमारतींत कितीतरी बायका डबे देतात, ब्लाऊज शिवतात, शिकवण्या घेतात, घरातच पार्लर चालवतात. दारावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. तो स्कॅन केला की नाव येतं नवऱ्याचं. तिची कमाई त्याच्या खात्यात जाते आणि विभागाच्या नजरेत ती त्याची होते. आज संध्याकाळीच तो कोड बदला. तिचं बँक खातं, तिचा पॅन, तिचा रिटर्न. तिला स्वतःची १२ लाखांची सवलत आहे, आणि दोन-तीन वर्षांचे रिटर्न झाले की कर्जही तिच्या नावावर मिळू शकतं. तिला मशीन घ्यायला पैसे हवे असतील तर भेट म्हणून देण्याऐवजी बँकेतून कर्ज म्हणून द्या, वाजवी व्याज लावा, ती फेडेल. भेटीतून सुरू झालेल्या धंद्याचा नफा तुमच्या उत्पन्नात मिळवला जाण्याचा प्रश्न मग उरत नाही. घर घेताना फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ८० लाखांच्या फ्लॅटवर ८० हजार.

दुकान किंवा गाळा चालवणाऱ्याने व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी करून वर्षाला २,५०० भरायचे असतात, नोकरांच्या पगारातून कापायचे वेगळे. ही नोंदणी राहून जाते आणि एक दिवस काही वर्षांची थकबाकी व्याजासह दारात उभी राहते. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामांवर ज्यांची चूल पेटली, त्यातल्या कितीतरी घरांची पुढची पिढी आज आपल्या शहरात आहे. मुलांना नागरिकशास्त्रात कर शिकवताना ही गोष्ट सांगा.

आजीआजोबा घरात असतील तर एक वाट सरळ आणि कायदेशीर आहे. आईवडिलांना दिलेल्या पैशांचं उत्पन्न तुमच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही. आईच्या नावाने एफडी केली तर व्याज आईचं, तिला तिची स्वतःची सवलत. पण पैसे एकदा दिले की आईचेच, त्यांवर तिच्यानंतर तुमच्या भावंडांचाही हक्क येतो. नॉमिनेशन आणि मृत्युपत्र आधी करा, नाहीतर टॅक्सचे दहा हजार वाचवून भावाशी बोलणं तुटतं.

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की सगळं बदलतं. अठराव्या वाढदिवसापासूनचं उत्पन्न तिचं स्वतःचं, तुम्ही दिलेल्या पैशांवरचंही. त्या महिन्यात बँकेत तिला सोबत न्या, अल्पवयीन खातं तिच्या सहीवर करून घ्या, पॅनवर तिचा फोटो आणि सही येऊ द्या. इंटर्नशिपच्या मानधनावर कंपनीने टीडीएस कापला असेल तर पोर्टलवर तिलाच तिचा फॉर्म २६ एएस उघडायला सांगा, कापलेला आकडा तिला दिसेल. रिटर्न तीच भरेल, तुम्ही शेजारी बसा. रिफंड तिच्याच खात्यात येईल, फक्त ते खातं आधी पोर्टलवर प्रमाणित करून ठेवावं लागतं.